हात तोच, काम नवं!

ऑफिसात नवी सिस्टीम आली, नवी जबाबदारी आली की पोटात गोळा का येतो? बदलायचं तर असतं, मग आपण बदलत का नाही? उत्तर शोधायला मॅनेजमेंटच्या पुस्तकाबरोबर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतही एक चक्कर मारू या...

सोमवारची सकाळ. मीटिंगमध्ये बॉस जाहीर करतो, 'या महिन्यापासून सगळे रिपोर्ट नव्या सिस्टीमवर. जुनी एक्सेल शीट बंद!' तुम्ही मान डोलावता. ट्रेनिंगला जाता, तिथले समोसे खाता, नोट्सही काढता. आणि जागेवर परत आल्यावर? गुपचूप जुनी शीट उघडता! 'आज घाई आहे, उद्यापासून नवीन.' तो उद्या तीन महिने उजाडतच नाही. मग अप्रेझलमध्ये एक ओळ येते, 'बदल स्वीकारण्याची तयारी कमी.' डोकं फिरतं. कारण तुम्हाला खरंच बदलायचं होतं!

नव्याने टीम लीडर झालेल्यांचंही तेच. कामं वाटून द्यायची, टीम तयार करायची, हे त्यांनाही पटलेलं असतं. तरी रात्री अकरा वाजता ज्युनिअरचं प्रेझेंटेशन स्वतःच दुरुस्त करत बसलेले असतात. घरी जेवण गार झालेलं, आणि वर तक्रार काय, तर 'टीमला काही जमतच नाही.'

मग आपण स्वतःलाच नावं ठेवायला लागतो. मी आळशी आहे. मी घाबरट आहे. किंवा सगळ्यांचं आवडतं, 'आता या वयात कुठे शिकायचं बुवा!' (वय वर्षं चौतीस.) पण थांबा. यातलं एकही कारण खरं नसेल तर?

तलवारी गेल्या, पुढे काय?

मिरज म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, दवाखाने आणि तंबोरे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. तंबोऱ्यांची गोष्ट त्याच्याही आधीची. ती आहे एका चाललेल्या धंद्याची, जो पायाखालून निघून गेला.

शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, त्यांना झिलई देणारे कारागीर. संस्थानी फौजा होत्या तोवर त्यांच्या हाताला काम होतं. १८१८ मध्ये पेशवाई संपली, इंग्रजांचा अंमल बसला आणि फौजांची, पर्यायाने तलवारी-भाल्यांची गरज आटत गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांची अख्खी इंडस्ट्रीच बंद पडायला लागली. कंपनी बदलून उपयोग नव्हता, कारण दुसरीकडेही तेच!

मिरजेत सांगितली जाणारी हकीकत अशी, की साधारण १८५० च्या सुमाराला फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन हे शिकलगार वाद्यांच्या कामाकडे वळले. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन संगीताचे शौकीन. त्यांच्याकडे गवई येत, वादक येत, त्यांची वाद्यंही येत. वाद्य म्हटलं की कधी तार तुटणार, कधी भोपळ्याला तडा जाणार. दुरुस्तीला पाठवायचं कुठे? उत्तरेत? मग गावातल्याच कसबी हातांकडे ती आली. आधी दुरुस्ती, मग हळूहळू नवी वाद्यं. पुढे या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. व्हिजिटिंग कार्डच बदललं म्हणा ना!

ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? पण क्षणभर त्या जागी स्वतःला ठेवून बघा. लोखंडाला पाणी दाखवणाऱ्या घरातल्या माणसाने कडू भोपळ्याला हात लावायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख बाजूला ठेवायची आणि ज्या कामात आपण अगदी नवखे, तिथून सुरुवात करायची. त्यापुढे आपली नवी सिस्टीम म्हणजे किस झाड की पत्ती!

एक हात पुढे ओढतो, दुसरा मागे

आता जरा पुस्तकाकडे वळू. हार्वर्डमध्ये प्रौढांच्या विकासाचा अभ्यास करणारे रॉबर्ट केगन आणि त्यांच्या सहकारी लिसा लेही यांनी २००९ मध्ये 'इम्युनिटी टू चेंज' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शरीराची जशी रोगप्रतिकारशक्ती असते, तशी मनाचीही असते. ती आपल्याला जपायला बघते. पण कधी कधी जी गोष्ट आपल्या भल्याची, तिलाच ती परकी समजून बाहेर ढकलते.

म्हणजे आपण बदलाला विरोध करतो तेव्हा इच्छा कमी पडत नसते. आपल्या मनात दोन इच्छा एकाच वेळी काम करत असतात. एक उघड, दुसरी लपलेली. एक हात पुढे ओढतो, दुसरा तेवढ्याच जोराने मागे. शक्ती दोन्हीकडे खर्च होते आणि आपण जागच्या जागी! बाहेरच्याला वाटतं, हा हलतच नाही. आपण मात्र दमून गेलेलो.

ती लपलेली इच्छा शोधायला त्यांनी चार रकान्यांची एक सोपी रीत सांगितली आहे. रात्री अकराला प्रेझेंटेशन दुरुस्त करणाऱ्या आपल्या टीम लीडरलाच ती लावून बघू.

पहिला रकाना: मला काय बदलायचंय? 'कामं टीमवर सोपवायची आहेत.'

दुसरा रकाना: प्रत्यक्षात मी उलट काय करतो? 'शेवटच्या क्षणी काम परत घेतो. सूचना अर्धवट देतो. कुणी अडलं की शिकवण्याऐवजी स्वतःच करून टाकतो.'

तिसरा रकाना: हे करायचं थांबवलं तर कशाची धास्ती वाटते? इथे घाम फुटतो. 'माझ्यावाचून काम चाललं तर? ज्युनिअरने माझ्यापेक्षा चांगलं केलं तर?' म्हणजे लपलेली इच्छा ही, की 'माझ्यावाचून इथलं पान हलू नये.'

चौथा रकाना: यामागे मी काय गृहीत धरलंय? 'माझ्या हातून काम गेलं, की माझी किंमत गेली.'

सापडली ना गाठ? वरवर बघता हा वेळेच्या नियोजनाचा प्रॉब्लेम होता. टाइम मॅनेजमेंटची दहा वर्कशॉप केली असती तरी सुटला नसता. कारण प्रश्न घड्याळाचा नव्हताच, 'मी कोण?' हा होता.

एक मोडकी सतार पुरे

चौथ्या रकान्यातलं वाक्य सापडलं की लगेच ते खोटं ठरवायला धावू नका. ते आधी तपासायचं असतं. कदाचित ते थोडं खरंही असेल! तपासायला छोटा, झेपणारा प्रयोग करायचा. असा, की फसला तरी नोकरी जाणार नाही. टीम लीडरने एकच प्रेझेंटेशन, तेही आतल्या मीटिंगचं, ज्युनिअरवर पूर्ण सोडायचं. हात लावायचा नाही. आणि मग बघायचं, खरंच माझी किंमत कमी झाली का? बॉस काय म्हणाला? ज्युनिअर काय शिकला? मला त्या मोकळ्या वेळात काय सुचलं?

मिरजेची गोष्ट या नजरेने परत वाचा. 'आपली किंमत तलवारीमुळे' असं शिकलगारांनी धरून ठेवलं असतं, तर तलवारीबरोबर तीही संपली असती. पण तलवार गेली तरी हात राहिला होता. बारीक कानस चालवणारा, पृष्ठभागावर बोट फिरवून चूक ओळखणारा. आणि सुरुवात नवी सतार घडवण्यापासून नव्हे, दुरुस्तीपासून झाली. याहून चांगला छोटा प्रयोग कुठला? फरीदसाहेबांनी काही चार रकाने भरले नव्हते, हे आजचं आपलं वाचन. पण वाट तीच दिसते.

वय वाढतं, मनही वाढतं!

'या वयात काय शिकायचं' म्हणणाऱ्यांसाठी एक आनंदाची बातमी. उंची विशीत थांबते, तसं मनही थांबतं, असं पूर्वी मानलं जायचं. केगन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं, की मोठेपणीही मनाची वाढ होत राहते. त्यांनी तिचे ढोबळ टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यावर चारचौघं काय म्हणतील यावर आपण चालतो. बॉस खूश तर आपण खूश. दुसऱ्या टप्प्यावर आपला स्वतःचा होकायंत्र असतो, 'मला हे पटतं, हे पटत नाही' असं आपण ठामपणे म्हणतो. तिसरा टप्पा थोड्यांनाच गाठता येतो. तिथे माणूस आपल्या ठाम मतांकडेही जरा लांबून बघू शकतो. आपल्या पद्धतीच्याही मर्यादा त्याला दिसतात.

त्या तिसऱ्या टप्प्याची आठवण करून देणारा माणूसही मिरजेचाच म्हणायला हवा. उस्ताद अब्दुल करीम खाँ. १८७२ मध्ये उत्तरेतल्या कैराना गावी जन्म, आणि पुढे मिरजेत मुक्काम. किराणा घराण्याचे एवढे मोठे गवई! 'आमच्या घराण्यात असंच गातात' म्हणून बसले असते तर कोण बोलणार होतं? पण दक्षिणेत गेले, कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं आणि त्यातली सरगमची ढब आपल्या गाण्यात आणली. सूर किराण्याचाच राहिला, गाणं मात्र रुंदावलं. १९३७ मध्ये ते गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि आजही तिथे उरुसात मोठमोठे गायक-वादक हजेरी लावतात.

गल्लीत पुन्हा तोच प्रश्न

एकदा बदललं की सुटलो, असं मात्र नसतं हं! शिकलगारांच्या पुढच्या पिढ्यांसमोर तोच प्रश्न नव्या वेषात आला. बंगळुरूचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुढे आणला. छोटासा डबा, बटण दाबलं की सूर चालू. ना लावायची कटकट, ना रेल्वेत सांभाळायची धास्ती. पुढे तर तंबोरा मोबाइलच्या ॲपमध्येच जाऊन बसला. रियाजापुरता अनेकांना तेवढा पुरतो. मग पंढरपूरच्या आसपासच्या शेतांतून भोपळे आणा, ते महिनोन्‌महिने वाळवा, तूणच्या लाकडाची दांडी घडवा, हा खटाटोप कशाला?

इथे मिरजेच्या कारागिरांनी काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, ते बघण्यासारखं आहे. प्रवासात नेता येतील असे छोटे, चपटे तंबोरे त्यांनी बनवले. परगावच्या, परदेशातल्या ऑर्डरी घेतल्या. म्हणजे आकार बदलला, विकण्याची रीत बदलली. बदलली नाही ती जवारी. घोडीचा वरचा भाग कानशीने अगदी केसभर घासायचा, तारेखाली दोरा सरकवत सरकवत नेमकी जागा शोधायची, आणि तार छेडली की साधा टणत्कार न येता सूर उमलला पाहिजे. हे काम हाताचं आणि कानाचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. कष्ट भरपूर, शिकायला वर्षं लागतात, आणि घरातल्या मुलाला पुण्याची नोकरी खुणावते, ते चूक तरी कसं म्हणायचं? ही परीक्षा अजून चालू आहे.

पण एक गोष्ट या गल्लीतून नक्की उचलता येते. प्रत्येक विरोध मोडून काढायचा नसतो. काही विरोध आपल्या कामाचा आत्मा जपत असतो. तंबोऱ्याचा आकार बदलता येतो, जवारी सोडून चालत नाही. आपली गफलत होते ती इथे! आपण आकारालाच जवारी समजून बसतो. एक्सेल शीट हा आकार आहे. आकड्यात काहीतरी चुकतंय हे बघताक्षणी ओळखणारी तुमची नजर, ही जवारी. ती नव्या सिस्टीममध्येही चालते. एआयने रिपोर्ट लिहून दिला, तर उलट जास्तच लागते.

आणि बॉस लोकहो, तुमच्यासाठीही एक. 'बदल नको म्हणतो' असा शिक्का मारण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, 'या बदलात तुला काय हातचं जाईल असं वाटतंय?' उत्तर शांतपणे ऐकून घ्या. कदाचित तो तुमच्याच कंपनीची जवारी सांभाळत असेल.

या आठवड्यात करून बघा!

● एकच गोष्ट निवडा. 'मला सगळंच बदलायचंय' म्हटलं की काहीच बदलत नाही.

● चार रकाने कागदावर, पेनने भरा. तिसऱ्या रकान्यात लाज वाटली नाही, तर तो अजून नीट भरलेला नाही असं समजा.

● चौथ्या रकान्यातलं वाक्य विश्वासातल्या एका माणसाला वाचून दाखवा. मोठ्याने म्हटलं की त्याचा पोकळपणा, किंवा त्यातलं तथ्य, लगेच कळतं.

● आठवड्याभरात संपेल असा एक छोटा प्रयोग करा. यश-अपयश मोजू नका, काय कळलं ते लिहा.

● शेवटी स्वतःला विचारा, माझ्या कामातली जवारी कोणती आणि नुसता आकार कोणता?

पुढच्या सोमवारी मीटिंगनंतर जागेवर आलात, की हात सवयीने जुन्या शीटकडे जाईल. जाऊ दे. बाकीचे रिपोर्ट हवं तर जुन्यातच करा. फक्त एक, सगळ्यात छोटा, नव्या सिस्टीममध्ये करून बघा. मिरजेत सुरुवात एका दुरुस्तीनेच झाली होती.