खेळ अडखळतो तेव्हा

संगणकावरचा खेळ अडखळू लागला की आपण लगेच नव्या ग्राफिक्स कार्डाची भाषा करतो. मीही केली, वडील त्यासाठी उसने पैसे काढायला निघाले होते. पण औषधाआधी दुखणे ओळखावे. सेकंदाला ६० चित्रे दिसायची तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. एखाद्याला ५० लागले की झटका जाणवतो. रिझोल्यूशन उतरवून पाहावे. वेग वाढला तर भार कार्डावर. न वाढल्यास बहुधा प्रोसेसरवर. सुरुवातीला नीट चालून खेळ अर्ध्या तासाने मंदावत असेल तर तापमान पाहावे. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. माझ्या जुन्या संगणकाच्या पंख्यावर धूळ साचली होती. वीज बंद करून ती ब्रशने झाडली. खेळ सुरळीत झाला आणि वडिलांचे कर्ज टळले.