बिडाच्या पोटातला कार्बन

बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात. पत्र्याचा तवा पडला तर फार तर वाकतो. दोन्ही लोखंडच, मग हा फरक कशामुळे?

फरक कार्बनचा. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, तो तीन ते साडेतीन टक्के असतो. पत्र्यात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नसतो. इतका कार्बन लोखंडाच्या पोटात मावत नाही. रस गोठताना तो ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. पेन्सिलीत आपण ज्याला शिसं म्हणतो, तेच हे ग्रॅफाइट. ताण पडला की असा प्रत्येक पापुद्रा धातूतल्या चिरेसारखा वागतो आणि तडा तिथूनच जातो. दाब मात्र बीड उत्तम सोसतं. शिवाय हेच पापुद्रे कंप जिरवतात, म्हणून लेथचा बेड बिडाचा करतात.

माझी बरीच वर्षं फाउंड्रीत गेली. तिथली सगळी धडपड कार्बननं कोणतं रूप घ्यावं, यासाठीच असते. सिलिकॉन दोन टक्क्यांच्या आसपास असला की ग्रॅफाइट नीट तयार होतं. तो कमी पडला किंवा पातळ भाग झटकन थंड झाला, तर कार्बन लोखंडाशीच संयोग करतो. मग बीड आतून पांढरं आणि इतकं कठीण होतं की ड्रिल चालत नाही. भंगारातून क्रोमियम जास्त आलं तरी हीच गत. थोडं क्रोमियम ताकद आणि झीज या दोन्हींसाठी चांगलं. पण स्टेनलेसचे तुकडे भट्टीत गेले, की मशिनशॉपमधून शिव्या आल्याच म्हणून समजा! म्हणून ओतण्यापूर्वी एक छोटी पाचर ओतून, ती फोडून बघतात. तिच्या टोकाकडचा पांढरा पट्टा किती खोल गेलाय, यावरून जाणता कामगार रसाची प्रकृती सांगतो.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. गंधक उपद्रवी, त्याला मँगनीज बांधून ठेवतं. फॉस्फरसमुळे रस पातळ वाहतो, त्यामुळे नक्षीच्या जाळ्या सुबक उतरतात, पण माल ठिसूळ होतो. हादरे सोसणाऱ्या भागात तो नकोच.

खरी कमाल मॅग्नेशियमची. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियमची टंचाई होती. त्याला पर्याय शोधताना १९४३मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी रसात मॅग्नेशियम घालून पाहिलं. त्यातून पुढे लक्षात आलं, की रसात अवघं ०.०४ टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम उरलं, तरी ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गोळ्यांच्या रूपात जमतं. गोळ्याला धार नसते, त्यामुळे तडा सहज सुरू होत नाही. साधं बीड तुटण्यापूर्वी एक टक्काही ताणलं जात नाही. या गोळ्यांच्या बिडाची, ज्याला फाउंड्रीत ‘एसजी’ म्हणतात, त्याची एक प्रत अठरा टक्के ताणली जाते आणि एका चौरस मिलिमीटरवर चारशे न्यूटन ताण सोसते. त्यात थोडं तांबं किंवा कथील घातलं की ताकद आणखी वाढते, ताण घेण्याचा गुण मात्र घटतो. गाड्यांचे क्रँकशाफ्टसुद्धा या बिडाचे होतात.

पण मॅग्नेशियम मोठं चंचल. ते १०९० अंशांना उकळतं आणि रस तर चौदाशेच्या वर असतो. म्हणून ते सिलिकॉन-लोखंडाबरोबरच्या मिश्रधातूतून घालतात. तरी डोळे दिपवणारा भडका उडतोच. शिवाय दहा-पंधरा मिनिटांत त्याचा असर ओसरू लागतो. साचे जास्त आणि माणसं कमी असली, की शेवटच्या साच्यांना उशीर होतो. त्यांतला माल बाहेरून अगदी तसाच दिसतो, आत मात्र गोळे बिघडलेले असतात. असा हब भरल्या ट्रॉलीखाली गेला तर काय होईल, ते सांगायला नको. हातोडीनं ठोकून पाहिलं तर चांगला ‘एसजी’ घंटेसारखा वाजतो आणि पापुद्र्यांचा माल बद्द आवाज करतो. पण एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या रसातून एक तुकडा ओतून, तो घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. गोळे दिसले तर माल पुढे जातो. पापुद्रे दिसले तर तो परत भट्टीत.