जुनी छोटी कार घेताय? आधी विचारा : बेल्ट की चेन, आणि सामान तालुक्याला मिळतं का?

उसाचं बिल जमा झालं किंवा सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की बऱ्याच घरांत एकच विषय निघतो, एक छोटी गाडी घेऊन टाकू. घरात म्हातारी माणसं आहेत, पोरांचं कॉलेज आहे, रात्री-अपरात्री दवाखाना आहे. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून बहुतेक जण दोन-तीन लाखांत आठ-दहा वर्षं वापरलेली गाडी बघतात. मग पारावर प्रश्न येतो, 'टिकणारी गाडी कोणती?' चार जणांकडून चार उत्तरं मिळतात आणि प्रत्येक जण आपल्याच गाडीचं नाव सांगतो.

खरं तर उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. गाडीचं इंजिन कोणत्या बनावटीचं आहे, तुमचं रनिंग किती आहे, आणि सामान व मेस्त्री किती लांब आहे. रंग, टचस्क्रीन, अलॉय व्हील हे सगळं त्यानंतर.

बेल्ट आणि चेन म्हणजे काय?

इंजिनात पिस्टन खाली-वर होतात आणि वरच्या बाजूला व्हॉल्व्ह उघडझाप करतात. दोघांचा ताळमेळ ठेवण्याचं काम टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन करते. बेल्ट रबराचा असतो. तो ठराविक किलोमीटरला किंवा ठराविक वर्षांनी बदलावाच लागतो, आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. गाडी नुसती उभी असली तरी रबर वयाने कडक होतं. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर गाडी जागेवर बंद पडते आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून मोठं काम निघतं.

चेन लोखंडी असते. ती सहसा इंजिनाच्या आयुष्याला पुरते, पण तिचं खाणं म्हणजे इंजिन ऑइल. ऑइल वेळेवर बदललं नाही की चेन सैल होते. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर पुढून खडखड आवाज आला तर समजायचं, मागच्या मालकाने ऑइलला टाळाटाळ केली आहे.

म्हणून बेल्टवाल्या गाडीत 'बेल्ट कधी बदलला, बिल दाखवा' हे विचारायचं. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायचा आणि गाडी घरी आणण्याआधीच बेल्ट, टेन्शनर बदलून घ्यायचं. चेनवाल्या गाडीत ऑइल बदलल्याच्या नोंदी बघायच्या.

गाडीनिहाय हिशेब

अल्टो 800 : हिच्यातलं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन 1983 साली आलेल्या मारुती 800 च्याच घराण्यातलं आहे. 2023 मध्ये ही गाडी बंद झाली. म्हणजे 40 वर्षं हे घराणं रस्त्यावर नवं येत राहिलं. त्यामुळे हे इंजिन न उघडलेला मेस्त्री तालुक्याला शोधून सापडणार नाही. इंजिन बेल्टवर चालतं. ताकद कमी, घाटात एसी बंद करावा लागतो, पण काम निघालं तरी ते खिशाला झेपेल असं असतं.

अल्टो के10 आणि वॅगनआर : 2010 पासून या दोन्हींत 998 सीसीचं के-सिरीज इंजिन आलं, ते चेनचं आहे. त्याआधीच्या वॅगनआरमध्ये 1061 सीसीचं बेल्टचं इंजिन होतं. म्हणून नुसतं 'वॅगनआर आहे' एवढ्यावर जायचं नाही, साल विचारायचं. वयस्कर माणसांना चढायला-उतरायला वॅगनआर सोपी, सामानही जास्त बसतं.

सँट्रो आणि आय10 : जुन्या सँट्रोचं आणि आय10 च्या 1.1 लिटरचं इंजिन बेल्टचं. आय10 मध्येच 1.2 लिटरचं कप्पा इंजिन मिळतं, ते चेनचं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून आरसीवर सीसी बघून घ्यायचे.

स्विफ्ट डिझेल : 2007 साली आलेल्या या गाडीत फियाटच्या बनावटीचं 1248 सीसीचं चेनचं इंजिन आहे. तेच इंजिन डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टाच्या क्वाड्राजेट मॉडेलमध्ये आणि फियाटच्या पुंटोतही बसवलं गेलं. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही ते तयार होत होतं. वेळेवर ऑइल मिळालं तर हे इंजिन लांबची मजल मारतं. पण 1 एप्रिल 2020 ला बीएस6 नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल कार बंद केल्या. म्हणजे आज बाजारात दिसणारी प्रत्येक स्विफ्ट डिझेल त्याआधीची आहे, आणि त्यातल्या बऱ्याच भाड्याने पळालेल्या असतात.

जुनी इंडिका डिझेल : 1998 साली आलेल्या इंडिकाचं 1405 सीसीचं डिझेल इंजिन साध्या पद्धतीचं आहे. आवाज करतं, धूर सोडतं, पण गावातल्या फिटरला समजतं. आता मात्र वयामुळे पत्रा आणि कागद आधी तपासावे लागतात.

टियागो : 2016 साली आली. ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत 2020 मध्ये तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी 4 स्टार मिळाले. मजबुतीला प्राधान्य असेल तर जरूर बघावी. मात्र अल्टोसारखा वीस-वीस वर्षांचा हिशेब या गाडीचा अजून कुणाकडेच नाही.

स्वस्त गाडी का स्वस्त असते?

बाजारात शेवरोले बीट, फोर्ड फिगो, डॅटसन या गाड्या त्याच सालच्या मारुतीपेक्षा कमी किमतीत मिळतात. गाड्या वाईट होत्या म्हणून असं झालं नाही. शेवरोले विकणाऱ्या जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतात विक्री थांबवली, पुढे मावळातल्या तळेगावचा कारखानाही बंद केला. फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. डॅटसन 2022 मध्ये बंद झाली.

अशा गाडीचं फिल्टर, ब्रेक पॅड मिळून जातं. अडतं ते हेडलाइट, दाराची काच, एखादा सेन्सर किंवा वायरिंगचा भाग लागला की. तो पुण्या-मुंबईहून मागवायचा, तोवर गाडी गॅरेजला उभी. जी गाडी दवाखान्यासाठी घेतली ती महिनाभर उभी राहिली तर स्वस्तात मिळाल्याचा उपयोग काय?

याला अपवादही आहे. फियाटच्या गाड्या बंद झाल्या, पण वर सांगितलेलं डिझेल इंजिन लाखो स्विफ्ट-डिझायरमध्ये असल्याने त्याचं सामान आजही मिळतं. डॅटसन रेडी-गो रेनॉच्या क्विडच्याच सांगाड्यावर बनलेली असल्याने तिचं काही सामान जुळतं. म्हणून सौदा करण्याआधी तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन तीन वस्तूंची चौकशी करावी : क्लचप्लेट, लोअर आर्म आणि हेडलाइट. तिन्ही दोन-चार दिवसांत मिळत असतील तर पुढे जायचं.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

एक साधा हिशेब मांडू. महिन्याला 600 किलोमीटर रनिंग, म्हणजे वर्षाला 7,200. पेट्रोल गाडी लिटरला 18 देते आणि दर 105 रुपये धरला तर वर्षाला 42,000 रुपये लागतात. डिझेल गाडी 22 देते आणि दर 92 रुपये धरला तर सुमारे 30,000. बचत 12,000 रुपयांची. पण डिझेलचे नोझल, पंप किंवा टर्बो यांपैकी एकच काम निघालं तरी एक-दोन वर्षांची ही बचत त्यात जाते. रोज लांबचा फेरा असेल तरच डिझेलचं गणित बसतं.

दुसरं, ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल नव्या पद्धतीच्या डिझेल कारमध्ये ओतू नये. या इंजिनांत डिझेल प्रचंड दाबाने बारीक छिद्रांतून फवारलं जातं. ड्रममधलं पाणी आणि कचरा नोझलची वाट लावतो.

सीएनजी गाडी घेताना टाकीची दर 3 वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का आणि किटची नोंद आरसीवर आहे का, हे बघावं. पंप घरापासून 30-40 किलोमीटरवर असेल तर सीएनजीचा फायदा येण्या-जाण्यातच संपतो.

पेट्रोलवाल्यांनी इथेनॉलचंही लक्षात ठेवावं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या त्याला चालतील अशा सामानाने बनवल्या आहेत. जुन्या गाड्यांचं मायलेज साधारण 6-7 टक्के घटू शकतं, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात म्हटलं होतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि ओरिंग दर सर्व्हिसिंगला बघून घ्यावेत, भेग दिसली की बदलावेत.

गाडी गावात का खराब होते?

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय सगळ्यात महाग पडते. त्यातल्या क्षाराने आतल्या नळ्या चोंदतात, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट जातं. कुलंटच वापरावं, अडचणीत पाणी टाकावंच लागलं तर नंतर सगळं काढून पुन्हा कुलंट भरावं. कच्च्या रस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो, तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बदलावा. गोठ्याशेजारी किंवा उसाच्या कडेला लावलेल्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बघितलं तरी मोठा खर्च वाचतो.

सौद्याआधी एवढं करा

- गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बघायला जा. थंड इंजिन खोटं बोलत नाही.
- ऑइलचं झाकण उघडून बघा. आत दुधासारखी साय दिसली तर मेस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, पाणी ऑइलमध्ये जात असू शकतं.
- मीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसिंगची बिलं, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा.
- सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा. आत सुकलेला गाळ असेल तर गाडी पुरातून आलेली आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात आपल्या राज्यात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या.
- एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतो.
- 15 वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण 5-5 वर्षांसाठी होतं, त्याची फी आणि पर्यावरण कर धरूनच किंमत ठरवा.
- दिल्ली पासिंगची डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. इथे आणल्यावर एनओसी, नवं पासिंग आणि राज्याचा रोड टॅक्स यांचा खर्च वेगळा येतो.
- 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का बघा.

गाडी पाहायला जाताना ओळखीचा मेस्त्री सोबत न्या आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. फुकट आलेला माणूस भिडेखातर 'चांगली आहे' म्हणतो, आणि काही वेळा विकणाऱ्याकडूनही त्याला कमिशन सुटतं. ठरलेल्या रकमेतले निदान 20-25 हजार बाजूला ठेवा. गाडी घरी आल्यावर ऑइल, सगळे फिल्टर, कुलंट, ब्रेक आणि गरज असेल तर बेल्ट, एवढं काम पहिल्या आठवड्यातच करून घ्या.