वाइन शाकाहारी कशी होते?

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट लवकर उमगेल. काहिलीत उसाचा रस तापू लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस सोडतो. सारी घाण त्याला धरून वर येते, ती मळी म्हणून काढून टाकतात आणि गूळ पिवळाधमक उतरतो. घरची बाईदेखील साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून हेच करते.

वाइनचे गणित असेच आहे. नाशिक-दिंडोरीकडे द्राक्षे चिरडून रस आंबवतात. किण्व साखर खाते, तिचे मद्य होते. बोर्डीला तर चिकूचीही वाइन करतात. मात्र नवी वाइन गढूळ असते. नुसती ठेवली तरी निवळते, पण त्याला महिने लागतात. म्हणून कारखानदार काहीतरी घालून गाळ तळाशी बसवतात. ते काहीतरी काय, हाच वादाचा मुद्दा!

युरोपात जुन्या काळापासून २२५ लिटरच्या पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालतात. कोणी दुधातले केसीन वापरतो, कोणी हाडाकातड्यांपासून केलेले जिलेटिन. शिवाय माशाच्या पोटातली हवेची पिशवी सुकवूनही वापरतात. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी तिला बोत म्हणतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका नाखव्याला १५७ घोळ मासे मिळाले, त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. ही सारी किंमत मुख्यतः बोताची. औषधांसाठी तिला परदेशात मागणी असते, मद्य निवळायलाही ती चालते.

हे पदार्थ गाळाबरोबर बहुतेक निघून जातात. तरीही ज्याने मासळी सोडली त्याला ते कसे पटावे?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीला नोकरीसाठी गेलेल्या मुलांच्या तोंडी हल्ली 'व्हीगन' हा शब्द येतो. मांस-मासे नाहीतच, पण दूध, तूप, मधही न घेणारा तो व्हीगन. कोणी जनावरांच्या कळवळ्याने, कोणी धर्माच्या शिकवणीने, कोणी अंड्याचे वावडे म्हणून अशी वाइन मागतो. दुभत्यावर संसार चालवणाऱ्या आपल्याला दुधावरचा हा राग जरा बोचतो खरा; पण बाटलीत काय घातले हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहेच.

त्यांच्यासाठी उपाय मातीतच निघाला. बेंटोनाइट नावाची चिकणमाती कच्छ आणि बारमेरकडे सापडते. पाण्यात ती फुगते. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि वाइनमधल्या प्रथिनांवर धन. दोन्ही एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. तुरटपणा कमी करायचा तर वाटाण्याचे किंवा बटाट्याचे प्रथिन वापरतात. वरची निवळ वाइन काढून घेतली की झाले. अर्थात मद्य ते मद्यच. व्हीगन म्हटल्याने त्याची नशा उणावत नाही.

एक अडचण मात्र उरते. खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो, मद्याला त्या नियमातून सूट आहे. २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी सरकारने वेगळे नियम आणि हिरवे चिन्ह आणले. ते बाटलीवर नसेल तर कारखान्यालाच विचारावे लागते, की बुवा, तुम्ही गाळ कशाने बसवलात?