अ‍ॅम्फिऑक्ससच्या गुणसूत्रांत काय दिसते?

बटाट्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रे, माणसाच्या पेशीत ४६. हे सांगितले की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : मग बटाटा आपल्यापेक्षा प्रगत का? उत्तर देताना आम्ही अ‍ॅम्फिऑक्ससची मदत घेतो.

वाळूत रुतून बसणारा, जेमतेम बोटाएवढा हा समुद्री जीव. १७७४ मध्ये पालास या निसर्ग-अभ्यासकाने त्याला चक्क गोगलगायीच्या गोतात बसवले होते. त्याला पाठीचा कणा नाही, पण त्या जागी लवचीक पृष्ठरज्जू आहे. म्हणून तो पृष्ठवंशीयांचा नातलग. पूर्वज मात्र नव्हे, दूरचे चुलत भावंड म्हणा. (शिडीसारख्या आकृत्यांमुळे हा घोटाळा होतो.)

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील जातीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या आहेत, आपल्यात २३. फरक फारसा नाही. पण गुणसूत्रावर कोणते जनुक कोणाच्या शेजारी आहे हे पाहिले, की वेगळेच चित्र दिसते. शरीराचा कोणता भाग डोक्याकडे, कोणता शेपटीकडे हे ठरवण्यात हॉक्स जनुकांचा मोठा वाटा असतो. अ‍ॅम्फिऑक्ससमध्ये त्यांचा एकच गट आहे, १५ जनुकांचा. माणसात असे चार गट, २, ७, १२ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर. २००८ मध्ये अ‍ॅम्फिऑक्ससचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा हा एकास चारचा हिशेब इतरही बऱ्याच भागांत आढळला. म्हणजे माशांपासून आपल्यापर्यंत आलेल्या वंशात, अगदी आरंभी, सगळा जनुकसंच दोनदा दुप्पट झाला असणार. अशा दुपटीची कल्पना सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्येच मांडली होती. हजेरीपत्रकाच्या दोन प्रती असल्या, की एक जपून दुसरीत खाडाखोड करता येते. जनुकांचेही तसेच : एक जुने काम सांभाळते, दुसरे बदलायला मोकळे.

मग आपली जनुके चौपट का नाहीत? कारण बहुतेक जादा प्रती पुढे नष्ट झाल्या. आपल्या चार हॉक्स गटांत मिळून ६० नव्हे, ३९ जनुके उरली आहेत. गुणसूत्रेही तुटली, एकमेकांना जोडली गेली. आपले २ क्रमांकाचे गुणसूत्र दोन गुणसूत्रे जुळून झाले आहे. चिंपांझीत ती अजून वेगळी आहेत, म्हणून त्याच्या पेशीत ४८, बटाट्याइतकीच!

आणि बटाट्याच्या ४८ चे काय? ते १२ गुणसूत्रांचे चार संच आहेत. त्याची दुपटी ताजी आहे, म्हणून नुसत्या मोजणीतही दिसते.