आधी घडलं, म्हणून आधी बघायचं?

धंतोली म्हणजे नागपूरची डॉक्टरांची वस्ती. विदर्भातल्या गावागावांतून आणि पार छिंदवाडा-बैतुलकडूनही पेशंट इथे येतात, नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहतात आणि सोबतचे नातेवाईक हल्ली मोबाइलवर जुन्या मालिका बघत वेळ काढतात. अशाच बाकांवर एक सल्ला मी वारंवार ऐकते: "'रात्रीस खेळ चाले' पाहून राहिली का? मग पहिले दुसरा भाग पाय, त्याच्यानंतर पहिला. नाही तर लिंक लागत नाही." सांगणारी काकू मनापासून सांगते आणि ऐकणारी पोरगी लगेच पहिला भाग बंद करून दुसरा लावते. दर वेळी मला त्या पोरीचा हात धरावासा वाटतो, कारण त्या एका सल्ल्याने तिच्या हातून एक अख्खा भाग गेलेला असतो.

झी मराठीवर पहिला भाग फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी संपला. त्याची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते. पांगलेलं कुटुंब कोकणातल्या वाड्यात गोळा होतं आणि गेलेल्या माणसाने मागे काय काय ठेवलंय, हे एकेक करून बाहेर यायला लागतं. जानेवारी २०१९ मध्ये आलेला दुसरा भाग काळात मागे जातो. तिथे अण्णा धडधाकट आहेत, त्यांची बायको माई तरुण आहे आणि प्रेयसी शेवंता त्यांच्या आयुष्यात यायची आहे. मार्च २०२१ चा तिसरा भाग पुन्हा पुढे येतो. त्यात अण्णा आणि शेवंता दोघंही मेलेली आहेत आणि वाड्यात वावरताहेत. म्हणजे घटना कोणत्या क्रमाने घडल्या, एवढंच विचाराल तर दोन, एक, तीन हे बरोबर आहे. काकूंचं तेवढं चुकत नाही.

चुकतं ते पुढच्या पायरीवर. घटनांचा क्रम आणि गोष्ट सांगण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या भागाचा सगळा जीव एका प्रश्नात आहे: हा गेलेला माणूस नेमका होता कसा? घरचे त्याच्याबद्दल बोलताना अडखळतात, अर्धंच सांगतात, विषय बदलतात. दुसऱ्या भागात लपवण्यासारखं काही नाही. अण्णांची हाव, त्यांचा दरारा, बायकांवरची नजर, सगळं समोर घडतं. ज्याने दुसरा भाग आधी पाहिला, त्याला पहिल्या भागातली माणसं उगाच आढेवेढे घेताहेत असं वाटणार, कारण उत्तर त्याच्या खिशात आहे. मग तोच म्हणणार, "पहिला भाग स्लो आहे." अहो, तो स्लो नाही, तुम्ही तो उलटा लावलात!

दुसऱ्या भागाचंही नुकसान होतं, आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही. माधव अभ्यंकरांचे अण्णा रुबाबात ओटीवर बसतात, तेव्हा पहिला भाग पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की याच घरातून यांचं प्रेत निघणार आहे. माई गप्प राहून सोसते, तेव्हा त्या गप्प राहण्याचं म्हातारपण आपण आधीच बघितलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी ही दृश्यं लिहिली तीच अशा प्रेक्षकासाठी. पुढे काय होणार, या उत्सुकतेची जागा इथे हे असं का झालं, या प्रश्नाने घेतली आहे.

"पण शेवट आधी कळला तर मजा काय?" हा पुढचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. महाभारतातलं भीष्मपर्व उघडून बघा. संजय रणांगणावरून धावत येतो आणि धृतराष्ट्राला पहिल्यांदा काय सांगतो? भीष्म पडले. दहाव्या दिवसाची बातमी आधी. मग धृतराष्ट्र विचारतो, हे घडलं कसं, आणि तेव्हा संजय पहिल्या दिवसापासून सांगायला लागतो. भगवद्गीता येते ती त्यानंतर. अर्जुन धनुष्य टाकून बसतो, त्या क्षणी ऐकणाऱ्या आंधळ्या राजाला माहीत आहे की भीष्म शरशय्येवर आहेत. उद्या कोणी गीता आधी लावून संजयाची बातमी दहाव्या दिवसाच्या जागी नेऊन ठेवली, तर घटना क्रमाने लागतील आणि धृतराष्ट्राच्या ऐकण्यातला सगळा पीळ निघून जाईल. मुळात सगळं महाभारतच अर्जुनाचा पणतू जनमेजय याच्या सर्पसत्रात सांगितलं गेलं. आपण शेकडो वर्षं अशाच गोष्टी ऐकत आलो, आणि मालिका आली की तारखा लावत बसतो.

बाहेरची उदाहरणंही हेच सांगतात. 'द बिग बँग थिअरी'ची पूर्वकथा असलेल्या 'यंग शेल्डन'ची गोष्ट १९८९ मध्ये नऊ वर्षांच्या शेल्डनपासून सुरू होते. त्याचे वडील तो चौदा वर्षांचा असताना गेले, हे 'द बिग बँग थिअरी'च्या प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच तो मुलगा मोठा होत जातो, तसतशी त्या घरातल्या साध्या जेवणाच्या दृश्यांनाही धार येते. मूळ मालिका न पाहिलेल्याला ती फक्त विनोदी मालिका वाटते, शेवटाजवळ येईपर्यंत.

नियमाला अपवाद आहे, तोही सांगायला हवा. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'च्या सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं की ही गोष्ट मूळ मालिका 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या डेनेरिसच्या जन्माच्या १७२ वर्षं आधीची आहे. दोन्हीकडची माणसं वेगळी, पिढ्या वेगळ्या. तिथे कोणतंही आधी बघा, फारसं बिघडत नाही. अंतर जितकं कमी आणि माणसं जितकी तीच, तितका बनवल्याचा क्रम पाळायला हवा. 'रात्रीस खेळ चाले'त तर घरही तेच आहे.

बाकीचे समज थोडक्यात.

दुसरा भाग म्हणजे पुढची गोष्ट, असं समजून बसलेले आजही भेटतात. आकडा भाग कधी बनला ते सांगतो, गोष्टीतला काळ सांगत नाही.

पूर्वकथेत सगळं आधीचंच असतं, हेही खरं नाही. 'ब्रेकिंग बॅड'ची पूर्वकथा 'बेटर कॉल सॉल' २००२ पासून चालते, पण तिच्यातले ओमाहाचे कृष्णधवल प्रसंग 'ब्रेकिंग बॅड' संपल्यानंतरचे आहेत.

"तरुणपण दाखवतात आणि नट तर म्हातारा दिसतो, म्हणजे चूक झाली." पूर्वकथा नंतर चित्रित होते, त्यामुळे नट पात्राच्या उलट दिशेने चालत असतो. शकुंतला नरे यांनी २०१६ मध्ये वयस्क माई केली आणि तीन वर्षांनी तरुण माई. त्यातली मेहनत बघा.

तिसऱ्या भागात शेवंता वेगळी दिसायला लागते, त्यामागे कथेतलं कोणतंही रहस्य नाही. अपूर्वा नेमळेकर यांनी मालिका सोडली आणि कृतिका तुळसकर आल्या.

आकेरीचा तो वाडा झपाटलेला नाही. सावंतवाडीजवळच्या या गावात मालिकेचं चित्रीकरण झालं, आणि लोक आता तिथे फोटो काढायला जातात.

राहिला विसंगतीचा मुद्दा. दोन भागांत काही जुळलं नाही की "लेखक विसरले" म्हणून मोकळं होतात. कधी विसरतातही. पण 'द बिग बँग थिअरी'त शेल्डन सांगतो की त्याने तेराव्या वर्षी वडिलांना परक्या बाईबरोबर पाहिलं. 'यंग शेल्डन'च्या सातव्या पर्वात दिसतं की ती बाई म्हणजे केसांचा टोप घातलेली त्याची आईच होती. मूळ मालिकेतला तो प्रसंग खोटा ठरला नाही, फक्त मुलाचा समज खोटा ठरला, तोही वडील जाण्याच्या थोडंच आधी. हा धक्का ज्याने मूळ मालिका आधी पाहिली, त्यालाच बसतो.