पहिल्या सुईच्या आधी

सकाळी साडेसात. बंगळुरूत जयनगरमधल्या आमच्या क्लिनिकचं शटर अर्धं वर गेलेलं असतं आणि रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली मंडळी बाकावर बसलेली असतात. समोरच्या दर्शिनी हॉटेलातून केसरीबाथचा वास येत असतो, हा त्यांचा खरा छळ. मी इथली डायबेटीस एज्युकेटर. डॉक्टरांनी ठरवलेलं औषध माणसाच्या घरी, त्याच्या फ्रिजमध्ये आणि मग अंगात नीट पोचतंय ना, हे बघणं माझं काम. माहेर बेळगावचं, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्हींत निभावतं.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. तेव्हापासून बाकावरचा पहिला प्रश्नच बदलला. पूर्वी लोक "साखर किती आली?" विचारायचे, आता विचारतात, "मॅडम, इंजेक्शन आजच मिळेल ना?" वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं. औषध परवडू लागलं तर चांगलंच आहे, पण घाईलाही त्याने बळ येतं. माझं उत्तर तेच असतं: आज नाही.

साडेआठ. उंची, वजन, कंबर, रक्तदाब. आपल्या लोकांमध्ये बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरतात, पण ही इंजेक्शनं सर्वसाधारणपणे ३० च्या पुढे देतात, किंवा २७ च्या पुढे असून मधुमेह, रक्तदाब असं काही सोबत असेल तर. आज एक मुलगी आलीय, बीएमआय २४, लग्नाला सहा आठवडे. तिला लेहंग्यात मावायचंय. पहिले चार आठवडे डोस अगदी छोटा असतो, सेमाग्लुटाइडचा ०.२५ मिलिग्रॅम, मौंजारोतल्या टिर्झेपॅटाइडचा २.५. तो शरीराला सवय लागावी म्हणून. म्हणजे वऱ्हाड निघेपर्यंत तिच्या पदरात मळमळच पडायची. डॉक्टर नाही म्हणाले. ती रुसून गेली; जाऊ दे.

दहा वाजता खरं काम सुरू होतं, ते म्हणजे चौकशी. समोर चाळिशीच्या बाई, राजाजीनगरच्या, माहेर मिरजेचं. थायरॉईडची गोळी घेतात आणि त्यामुळे आपल्याला इंजेक्शन चालणारच नाही, असं कुणीतरी सांगितल्याने धास्तावलेल्या. तसं नसतं. थायरॉईड कमी काम करतं म्हणून गोळी चालू असेल तर नुसत्या त्या कारणाने हे औषध बंद नाही. नको असतं ते मेड्युलरी नावाच्या थायरॉईड कॅन्सरमध्ये. तो स्वतःला किंवा घरात कुणाला झालेला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल, तर हा रस्ता बंद. उंदरांवरच्या प्रयोगांत, हा कॅन्सर ज्या पेशींतून होतो त्यांच्या गाठी दिसल्या होत्या. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण धोका कशाला घ्या?

"घरात कुणाला कॅन्सर?"

"छे हो."

"गळ्याचं ऑपरेशन?"

"आत्याच्या गळ्याची गाठ काढली होती, पण ती साधी."

साधी गाठ हा शब्द ऐकला की मी पेन खाली ठेवते. मिरजेला फोन लावायला लावला. आत्याबाईंनी आधी तब्येत, मग मुलांच्या परीक्षा, मग पाऊस असं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी कपाटातली फाईल काढली. अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर पिवळ्या पडलेल्या रिपोर्टाचा फोटो आला. पॅपिलरी, म्हणजे कॅन्सरच, पण वेगळा प्रकार. डॉक्टरांनी फोटो मोठा करून दोनदा वाचला आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. आमच्या घरांत कॅन्सरला कॅन्सर म्हणायची पद्धत नाही, म्हणून प्रश्न आडून विचारावा लागतो.

पुढचे प्रश्न भराभर जातात. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे? मूल हवंय का? सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपॅटाइडने गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, म्हणून सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काळजी घ्यायची. हे नवऱ्यासमोर विचारलं की खोटी उत्तरं मिळतात. नवऱ्याला मी कॉफी प्यायला पाठवते.

साडेबारा. गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतायची. एका आजोबांच्या पिशवीत ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचं औषध निघालं. त्याच्या जोडीला हे इंजेक्शन आलं की साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी त्याचा डोस कमी केला. शिवाय आजोबा संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्यावर असतात. मी म्हटलं, "आजोबा, गणपती रागावणार नाही, पण साखर रागावेल." बरेच दिवस मधुमेह असल्याने आधी डोळ्यांचा पडदाही तपासून यायला सांगितलं. साखर झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो.

दीड. दहीभात.

तीन वाजता शिकवणी. सरावाचं पेन आणि स्पंजची उशी. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून किंवा मांडीवर, दर आठवड्याला जागा बदलून, दर वेळी नवी सुई. हे दहा मिनिटांत जमतं. अडतं ते फ्रिजपाशी. कोरमंगलाच्या पीजीत राहणारा एक मुलगा. मजल्यावर सगळ्यांचा मिळून एकच फ्रिज. त्याला तो उघडून फोटो पाठवायला सांगितला होता. वर बर्फ चढलेला कप्पा, खाली इडलीच्या पिठाचे डबे, दुधाच्या पिशव्या, कुणाचं तरी अर्धं बर्गर. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी फेकायचं. म्हणून मधला कप्पा, मागच्या भिंतीपासून दूर, नाव लिहिलेल्या स्टीलच्या डब्यात. डबा कुणी हलवत नाही, खोकं हलवतात. हा मुलगा दिवाळीला राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सांगलीला जातो. प्रवासात पेन बर्फाच्या पाकिटाला चिकटवून ठेवायचं नाही, हेही लिहून दिलं.

पाच. जेवणाची गोष्ट. भूक मरते आणि लोक चहा-बिस्किटावर दिवस काढतात. मग चरबीबरोबर स्नायूही जातात. उसळ, अंडं, पनीर, ताक आधी, भात नंतर. पोट भरल्यासारखं वाटलं की ताट सरकवायचं, "टाकू नये" म्हणून संपवायचं नाही. पाणी घोट घोट, दिवसभर. आणि वजन उचलायचा व्यायाम, नुसता लालबागेतला फेरा नव्हे.

साडेसहा. ट्रॅफिकमधून सुटलेले ऑफिसवाले. त्यांना आकडे लागतात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं. थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. हा दुसरा आकडा ऐकवल्यावरच मी विचारते, "वर्षभराचा खर्च झेपेल का?" न झेपणाऱ्याने सुरूच करू नये, असं माझं मत आहे.

आठ. शेवटचे फोन. थोडी मळमळ, बद्धकोष्ठ चालतं. पण पोटात जोराचं दुखणं, पाठीपर्यंत जाणारं आणि न थांबणारं, किंवा पाणीही न टिकणारी उलटी असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जायचं. आणि औषध चिठ्ठीवर, बिल घेऊन, ओळखीच्या केमिस्टकडूनच घ्यायचं. बनावट ओझेम्पिकबद्दल (तेही सेमाग्लुटाइडच) जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये इशारा दिलेला आहे.

तुम्हीही सुरू करायच्या विचारात असाल, तर येताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या, आणि कुणाच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय का ते आदल्या रात्री घरी विचारून ठेवा.